18 मिलिमीटरची फट

जानेवारीतली पहाट, मराठवाड्यातला एकेरी रेल्वेमार्ग. साडेपाचला आम्हा रूळदुरुस्तीवाल्यांना थंडीच्या गस्तीवरून फोन आला: वेल्डवर, म्हणजे दोन रूळ वितळवून जोडलेल्या जागी, रूळ तुटलाय, 18 मिलिमीटर फट. स्टेशन मास्तरांना कळवून दोघे गस्तवाले दोन दिशांना धावले होते. प्रत्येक बाजूला 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके (चाकाखाली मोठा आवाज करून चालकाला थांबवणारे) रुळावर बांधले, म्हणून पुढचं काही घडलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा रुळाचं तापमान 11 अंश होतं. हा सलग जोडलेला रूळ 40 अंशाला ताणमुक्त धरून बसवलेला. मीटरला 60 किलोच्या रुळात दर अंशाला साधारण 1.9 टन ताण येतो, म्हणजे 29 अंशांच्या फरकाने 55 टन. एवढ्या ओढीत कच्चा वेल्ड तग धरत नाही.

फटीखाली लाकडी ठोकळा सरकवला, वेल्डचा फुगवटा सामावेल अशा पोटात वाकवलेल्या फिशप्लेट, म्हणजे जोडपट्ट्या, दोन्ही बाजूंना लावल्या आणि क्लॅम्प आवळले. तोवर पॅसेंजर मागच्या स्टेशनात पावणेदोन तास उभी. तिच्यात तालुक्याच्या दवाखान्याला निघालेली माणसं होती, आणि त्यांना दुसरा मार्गच नव्हता. पहिली गाडी जागेवर थांबवून सोडली, नंतर ताशी 20 किलोमीटरची मर्यादा.

खरी चूक कायमच्या दुरुस्तीत होते. तुटका भाग कापला की मोकळी जागा मोजून तेवढाच तुकडा बसवायचा मोह होतो. तसं केलं तर फटीतले 18 मिलिमीटर पोलाद रुळात जादा जातं आणि मे महिन्यात तिथेच रूळ आडवा सरकून वाकतो. म्हणून कापून काढलेल्या रुळाची लांबी मोजायची, दोन वेल्डचे 25-25 मिलिमीटर वजा करायचे, तेवढाच तुकडा घालायचा आणि उरलेली फट टेन्सरने, म्हणजे रूळ ओढणाऱ्या यंत्राने, ओढून बंद करायची.

यासाठी किमान अडीच तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवलेला वेळ, लागतो. आम्हाला तो तिसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. एकेरी मार्गावर ब्लॉक म्हणजे कुणाची तरी गाडी रद्द. 2025 च्या सप्टेंबरमध्ये बीडला रेल्वे पोहोचली याचा मनापासून आनंद आहे. पण अशा मार्गांच्या वेळापत्रकात देखभालीचा ब्लॉक पहिल्या दिवसापासून छापलेला हवा, उरलेल्या वेळेतून मागावा लागता कामा नये.

कापलेल्या वेल्डमध्ये तळपट्टीच्या, म्हणजे रुळाच्या खालच्या पसरट भागाच्या, कडेला काळसर जुनी चीर दिसली. रुळाच्या माथ्यावरून फिरणाऱ्या, ध्वनिलहरींनी आतली चीर शोधणाऱ्या अल्ट्रासोनिक प्रोबला ती कड नीट दिसत नाही. तिथे हातातला प्रोब बाजूने लावावा लागतो. त्या आठवड्यात पुढच्या चार किलोमीटरमधले सगळे वेल्ड आम्ही तसेच तपासले. आणखी दोन चिरलेले सापडले.