सल्ला द्यायला दम लागतो

रविवार, रात्री उशिरा

झाली एकदाची हाफ, म्हणजे 21.1 किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन. दोन तास बेचाळीस मिनिटं आणि वर काही सेकंद, चौघंही शेवटपर्यंत एकत्र, मधे कुणी सोडलं नाही आणि कुणाचं कुणाशी कायमचं वाजलंही नाही. मांड्या अशा भरल्यात की कूस बदलायची म्हटलं तरी तोंडातून आवाज निघतोय, झोप काही येत नाही, तर लिहून टाकावं म्हटलं.

आम्ही चौघं म्हणजे मी, माझा मुलगा आणि माझ्या दोन मैत्रिणी. एकीला आम्ही घड्याळवाली म्हणतो, कारण चार मिनिटं पळायचं एक मिनिट चालायचं हे तिचं व्रत आहे आणि घड्याळ वाजलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ही रन-वॉकची पद्धत जेफ गॅलोवे या ऑलिंपिक धावपटूने सत्तरच्या दशकात नवशिक्यांना शिकवताना रुळवली, हे तिनेच आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की तो आता घरातला माणूस वाटतो. दुसरी गप्पिष्ट. तिच्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

आणि मुलगा. तो किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या पेसने आरामात पळतो, मी साडेसातने. दोन मिनिटांचा फरक ऐकायला काहीच नाही, पण 21 किलोमीटरला तो बेचाळीस मिनिटांवर जातो, म्हणजे एकटा पळाला असता तर पोचून, मेडल घालून, स्ट्रेचिंग उरकून, कपडे बदलून वर मला शोधायला परत आला असता. तरी सुरुवातीपासून म्हणाला, मी तुझ्याबरोबरच पळणार. मी तुझा पेसर, तुझा वेग सांभाळणारा. म्हटलं बरंय बाबा, 2019 ला व्हिएन्नात केनियाचा किपचोगे 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदात मॅरेथॉन पळला तेव्हा त्याच्याभोवती आळीपाळीने 41 पेसर होते (म्हणून तर तो अधिकृत विक्रम धरत नाहीत), मला एकच मिळतोय आणि तोही घरचा.

बघणाऱ्याला वाटतं हळू पळणं म्हणजे काय, सोप्पंच. तसं नसतं. लांब टांगांच्या माणसाला माझ्या वेगाने पळायचं तर पाऊल आखडतं घ्यावं लागतं, तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ पायावर राहावं लागतं, मधेमधे ते एक मिनिट चालणंही आलंच. लाँग रनच्या, म्हणजे रविवारच्या लांब पल्ल्याच्या सरावाच्या, दुसऱ्या दिवशी मी जिने चढत असायचे आणि हा पोटऱ्या धरून बसलेला. तक्रार मात्र केली नाही त्याने.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. लाँग रनचा एक नियम असतो, धाप न लागता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर तुम्ही जास्त जोरात पळताय. म्हणजे बोलणं आलंच. आता त्याच्यासाठी माझा पेस म्हणजे फिरायला निघाल्यासारखा, कितीही बोला, आणि मला तोच पेस जेमतेम झेपणारा. वाक्य निघतं पण परिच्छेद नाही निघत. घरी नेमकं उलटं असतं. घरी मी विचारते, ऑफिस कसं चाललंय, तो म्हणतो ठीक, मग मी दहा मिनिटं बोलते आणि तो फोन बघत हं हं करतो. इथे हं हं करायची पाळी माझ्यावर. शिवाय शेजारी शेजारी पळताना दोघांची नजर समोर रस्त्यावर, चेहरा वाचायचा प्रश्नच नाही. त्यामुळे हा जो सुटला बोलत तो बोलतच राहिला, रविवारमागून रविवार. नोकरी नकोशी झालीय, सकाळी उठल्यावर पोटात गोळा येतो, साहेब चांगला आहे पण कामच आपलं वाटत नाही, आणि आणखी बरंच, जे इथेसुद्धा लिहिणार नाही कारण ते त्याचं आहे. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात तीन सल्ले तयार असायचे. पण सल्ला द्यायला दम लागतो हो. एकदा "अरे पण" एवढं म्हणाले आणि पुढचं काही फुटेना, तोवर तो पुढच्या वाक्यावर गेलासुद्धा. गप्पिष्ट मैत्रीण मागून ऐकत असायची, तिलाही चढावर बोलता यायचं नाही, देवाची कृपा.

असो, आजचं. सुरुवातीच्या गर्दीत सगळे बाण सुटल्यासारखे सुटतात, गप्पिष्ट पण सुटली, घड्याळवालीने तिला नावाने हाक मारून परत आणलं. पहिले दहा छान गेले, लिहिण्यासारखं काही नाही. आठव्या किलोमीटरच्या पाटीच्या अलीकडे मुलगा घड्याळ बघून म्हणाला, आई, एवढ्या वेळात युगांडाच्या किप्लिमोची अख्खी हाफ झाली होती. 2021 मध्ये लिस्बनला, 57 मिनिटं 31 सेकंद. म्हटलं त्याच्याबरोबर त्याची आई नव्हती.

चौदाच्या पुढे माझी नाडी सुटली. म्हणजे बुटाची. वाकायचं म्हटलं तर मी परत उभी राहीन याची खात्री नव्हती, तर हा गुडघ्यावर बसला आणि डबल गाठ मारली. आता इथे डोळ्यात पाणी वगैरे यायला हवं होतं, पण गाठ त्याने इतकी घट्ट आवळली की पुढच्या किलोमीटरभरात पायाची बोटं बधिर झाली, परत थांबून सैल करावी लागली, आणि त्यावर तो म्हणतो कसा, तू लहानपणी माझ्या अशाच बांधायचीस. बांधत असेन.

सोळानंतर जे होतं ते सगळ्यांना माहितीये. गप्पिष्टसुद्धा गप्प. ताकदीसाठी खायचं जेल घशाखाली उतरत नाही, बिबची (छातीवरच्या नंबराच्या कागदाची) एक पिन निघालेली असते ती लावायचा कंटाळा येतो, पुढच्या माणसाच्या टीशर्टवरची अक्षरं उगाच परत परत वाचली जातात. चौघांच्या बुटांचा आवाज आणि घड्याळवालीचं ते बीप, बाकी काही नाही. आणि अशा वेळी, सतराची पाटी नुकतीच मागे पडलेली, हा माझ्या शेजारून अगदी सहज आवाजात म्हणतो, आई, मी शुक्रवारी राजीनामा दिला.

जागा बरोब्बर निवडली होती त्याने. मला शंका आहे की हे त्याचं आधीपासून ठरलेलं होतं, तो नाही म्हणतो. चढ सुरू झालेला, श्वास दोन पावलांवर आत दोन पावलांवर बाहेर, डोक्यात दुसरी नोकरी आहे का, पैशाचं काय, बाबांना सांगितलंस का, सगळं एकदम आलं, आणि तोंडातून निघालं फक्त "बरं". मग दहाएक पावलांनी "चल". घड्याळ वाजलं, चालायचं मिनिट आलं, तेव्हा विचारता आलं असतं. पण त्या मिनिटात मी पाणी प्यायले.

तो काही बोलला नाही. हात मात्र मोकळे झाल्यासारखे हलवत होता, खांदे खाली आले होते, आणि पहिल्यांदाच माझ्या दोन पावलं पुढे गेला, मग लक्षात आल्यावर परत मागे आला.

शेवटचा भाग वैतागाचा. घड्याळात 21.1 झाले आणि फिनिशची कमान दिसेना. मार्ग मोजतात तो वळणांवरच्या कमीत कमी अंतराच्या रेषेने, आपण पळतो गर्दीतून नागमोडी, त्यामुळे घड्याळात नेहमी जास्तच भरतं, हे मला नीट माहीत होतं, तरी राग आला. राग काढायला 1908 सालची लंडन ऑलिंपिकची मंडळी सापडली. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपवायची म्हणून मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर झालं, पुढे 1921 ला तेच पक्कं केलं, आणि त्यांच्या त्या हौसेच्या वरच्या 195 मीटरचे अर्धे, साडेसत्त्याण्णव मीटर, मी आज लंगडत भरतेय. हे मी मोठ्याने म्हणाले म्हणे. मला आठवत नाही.

लागोपाठ पोचलो चौघं. रिझल्टमध्ये चिप टायमिंगने (प्रत्येकाची वेळ चिपवरून वेगळी मोजतात) तो माझ्या एक सेकंद मागे आहे. मुद्दाम केलंस का विचारलं तर म्हणतो मशीनचं काय मला माहीत.

मग आम्ही फूटपाथच्या कडेला पाय पसरून बसलो, मैत्रिणी फोटोत गुंतल्या होत्या. पाच-सात मिनिटांनी माझा श्वास जागेवर आला आणि मी म्हटलं, नोटीस पिरियड किती आहे रे?

तो हसायलाच लागला. म्हणाला, आला वाटतं दम परत.

दोन महिने आहे. दुसरी नोकरी अजून नाही. बाबांना सांगितलेलं नाही, ते म्हणे मी सांगायचंय.