आमची वाटचाल : फोंड्यातली क्यूब टेस्टिंग लॅब

5 जुलै 1986 ला गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा मी 12 वर्षांचा होतो. आमचं घर डिचोली तालुक्यात आणि बाबांची नोकरी पणजीत. पूल 1970 साली वाहतुकीला खुला झालेला, म्हणजे जेमतेम 16 वर्षांचा. त्या पावसाळ्यात बाबा रोज बेतीच्या फेरीबोटीला रांग लावायचे आणि रात्री भिजून घरी यायचे. आई एकच विचारायची, "एवढो मोठो पूल, पडलोच कसो?" बाबांकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मला फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मिळालं. पुलाच्या काँक्रीटमधल्या प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटला ताणून आवळून धरणाऱ्या, तारा गंजल्या होत्या. रोज हजारो माणसं वरून जात होती आणि आतली तार दिसत कुणालाच नव्हती. वर्गातली हुशार मुलं डिझाईनकडे गेली, काही आखातात गेली, बरेचसे सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसले. मला मात्र आतलं काँक्रीट कसं आहे ते सांगणारं काम करायचं होतं.

2003 साली मी आणि कॉलेजातला माझा एक मित्र, दोघांनी फोंड्यात भाड्याच्या गाळ्यात लॅब सुरू केली. क्यूब म्हणजे साइटवरच्याच काँक्रीटचा ओतलेला ठोकळा. तो मशीनमध्ये दाबून किती भाराला फुटतो ते बघायचं. 2000 किलोन्यूटनचं कॉम्प्रेशन मशीन कर्जावर घेतलं. बाकी 24 क्यूब मोल्ड, ओलं काँक्रीट किती बसतं ते मोजायचा स्लम्प कोन, चाळण्या, ओव्हन आणि पायाखालची जमीन तपासायला बोअर मारायची तिपाई. मित्र दोन वर्षांनी मस्कतला गेला. जाताना मशीनमधला आपला वाटा त्याने मागितला नाही. म्हणाला, "मशीन चालू ठेव, बस." ते ऋण मी विसरलेलो नाही.

आमच्या हत्यारांत मला सगळ्यात जवळची वाटते ती ठासायची सळी. 16 मिलिमीटर जाड, 600 मिलिमीटर लांब, टोक गोल. साइटवर लोक सर्रास टॉर सळीचा, म्हणजे बांधकामातल्या रेघांच्या सळीचा, तुकडा वापरतात. तिच्या रेघा वर येताना खडी ओढून घेतात, क्यूबमध्ये पोकळ्या राहतात आणि मग दोष सिमेंटला. म्हणून आमचा माणूस साइटवर जाताना सळी बरोबरच नेतो. कोन भरताना तीन थर आणि प्रत्येक थराला 25 ठोसे, तेही तोच मोजतो. मशीनवर चांगला क्यूब फुटतो तेव्हा चारही बाजूंचे पापुद्रे सुटतात आणि मध्ये डमरू उरतो. डमरू दिसला की माझं समाधान होतं.

आता 2011 चं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. एका चारमजली इमारतीचे तीन क्यूब आले. काँक्रीट एम 20, म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन भार पेलणारं. क्यूबचं वय 28 दिवस. क्यूबचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे 450 किलोन्यूटन तरी पेलायला हवेत. ते फुटले 295, 302 आणि 310 ला. सरासरी काढली तर साडेतेराही भरत नव्हती. तीनही क्यूब इतके जवळ जवळ फुटले की मशीनला दोष देण्याची सोयच राहिली नाही. मिक्सरमध्ये पाणी बादलीने ओतलं जात होतं, आमच्या लॅबच्या मुलाने ते स्वतः पाहिलं होतं.

कंत्राटदार स्वतः गाळ्यात आला. "22 लिहा. जास्त नको, फक्त 22." मी लिहिलं नाही. चार दिवसांनी दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट त्याच्या हातात होता, 24 चा. त्या लॅबचा दर आमच्या निम्मा. क्यूब न फोडता दर निम्मा ठेवणं कठीण नाही, वीज लागत नाही आणि माणूसही लागत नाही. पुढच्या तीन महिन्यांत आमचे सहा जुने गिऱ्हाईक त्यांच्याकडे गेले. काहींनी फोन उचलणं सोडलं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, डिचोली-सांगेकडची बांधकामं थांबली, आणि जे उरलं होतं तेही गेलं. बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. चवथीला बोअरच्या दोन माणसांना पगार दिला, घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी साधी बांधली.

त्या इमारतीच्या तळमजल्याच्या खांबांना पुढे जॅकेटिंग झालं, म्हणजे भोवती नवं काँक्रीट चढवून ते जाड केले. मी रस्त्यावरून जाताना पाहिलं. नव्या सळ्या, नवी शटरिंग. मला ना कंत्राटदाराने कळवलं, ना आर्किटेक्टने. आजही समोरासमोर आलो तर ते नमस्कार करून पुढे जातात. मला राग आहे, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

त्या दिवसांत लॅब चालू राहिली ती म्हार्दोळच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदारामुळे. त्यांना सगळेच भाई म्हणत. छोटी घरं बांधायचे, पण प्रत्येक स्लॅबचे क्यूब पिकअपमध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतः आणायचे. क्यूबवर तारीख खिळ्याने कोरलेली असायची. खडूची पाण्यात पुसते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ज्याला टेस्टची गरजही नव्हती त्या कुंपणाच्या भिंतीचेही क्यूब त्यांनी त्या वर्षी आणले. मी म्हटलं, "भाई, कशाला?" ते म्हणाले, "तुजें मशीन बंद पडटा न्हय?"

घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं, नुसता रिपोर्ट मागू नका, क्यूब फुटताना समोर उभे राहा. आणि चिरा, म्हणजे जांभा, लागला म्हणून बोअर थांबवू देऊ नका. आपल्याकडे वर चिरा दगडासारखा आणि त्याखाली मऊ चिकणमाती, असं कितीतरी ठिकाणी सापडतं. एसपीटीचा, म्हणजे ठोके मोजून जमिनीचा कठीणपणा तपासायच्या चाचणीचा, 63.5 किलोचा हातोडा चिऱ्यावर पन्नास ठोक्यांनीही पुढे सरकत नाही, आणि तीन मीटर खाली पाच-सहा ठोक्यांत एक फूट खाली जातो. फर्मागुढीच्या मुलांनाही सांगतो, कॉम्प्युटरवर बसण्याआधी दोन पावसाळे साइटवर काढा.

भाई आता नाहीत. त्यांचा मुलगा काम बघतो. गेल्या मे महिन्यात त्याचे एम 25 चे क्यूब 28 दिवसांना 18 वर फुटले. खिळ्याने कोरलेली तारीख तशीच होती. मी रिपोर्ट लिहून हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "काका, स्लॅब पाडूं?"

"आदीं कोअर काडूंया," मी म्हटलं. कोअर म्हणजे स्लॅबमधूनच कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. "तीन कोअरची सरासरी एम 25 च्या ताकदीच्या 85 टक्क्यांवर आली आणि एकही 75 च्या खाली गेला नाही, तर राहील."

त्याने पिकअपचं मागचं दार उघडलं. आम्ही दोघांनी मिळून कोअर कटर आत चढवला.