तुम्ही विचारलंत म्हणून: मला खरंच एवढं आश्चर्य वाटतं का?

प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. इंटरनेटवर काहीतरी चक्रम सापडतं, कुणीतरी मला लिंक पाठवतं, मी त्यावर भरभरून बोलते, आणि मग विचारणा होते की अहो, तुम्हाला हे खरंच एवढं भारी वाटतं का, की रिॲक्शन द्यायची म्हणून देता? आणि त्याला जोडूनच, असल्या फालतू गोष्टींसाठी वेळ कुठून काढता?

खरंच वाटतं. फक्त मला जे भारी वाटतं ते बहुतेक वेळा त्या लिंकमध्ये नसतं, तिच्या मागे असतं. ही गोष्ट आली कुठून, आधी कुणाच्या हातात होती, अशी का झाली. तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून माझी रिॲक्शन कायम उशिरा येते, सगळे पुढच्या गोष्टीकडे गेलेले असतात तेव्हा, आणि ते मला चालतं.

फेब्रुवारी २०१५ मधला तो ड्रेस आठवतोय ना? काहींना निळा-काळा दिसायचा, काहींना पांढरा-सोनेरी, आणि दोघांनाही समोरचा थापा मारतोय असं वाटायचं. स्कॉटलंडमधल्या एका लग्नासाठी नवरीच्या आईने ड्रेस बघितला, त्याचा फोटो लेकीला पाठवला, लेकीला आणि होणाऱ्या जावयाला तो वेगवेगळ्या रंगाचा दिसला, शेवटी ओळखीतल्या एकीने फोटो टम्बलर या ब्लॉगच्या साइटवर टाकला आणि सगळं जग भांडायला लागलं. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळा होता, पण एवढं सांगून विषय संपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण खरी मजा तिथून पुढे आहे. डोळ्यात जे येतं ते वस्तूचा रंग आणि तिच्यावर पडलेला उजेड यांचं मिश्रण असतं, त्यातला उजेड मेंदू आपला आपण वजा करतो आणि उरलेलं आपल्याला दाखवतो, हे आयुष्यभर चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्या फोटोत नेमकं उजेड कसला आहे तेच धड कळत नव्हतं. ज्यांच्या मेंदूने सावलीतला निळसर उजेड धरला त्यांनी निळा वजा केला आणि त्यांना पांढरा-सोनेरी दिसला, ज्यांनी पिवळा दिवा धरला त्यांना निळा-काळा. त्याच वर्षी 'करंट बायॉलॉजी' या जर्नलमध्ये या एका फोटोवर तीन पेपर आले. पुढे हजारो लोकांना विचारून केलेल्या एका अभ्यासात दिसलं की सकाळी लवकर उठणाऱ्यांमध्ये पांढरा-सोनेरी बघणारे जरा जास्त असतात, त्याचं स्पष्टीकरण असं की ज्यांचा जास्त वेळ दिवसाच्या उजेडात जातो त्यांचा मेंदू तोच उजेड गृहीत धरतो. म्हणजे बघा, तुम्ही झोपता कधी नि उठता कधी ते एका ड्रेसच्या रंगात उतरतंय! रंगाबद्दल डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आधीपासून बरंच माहीत होतं, पण एकाच फोटोवर माणसं अशी दोन तट पडल्यासारखी वेगळी होतील असं त्यांच्याही समोर कधी आलं नव्हतं, आणि ते आलं एका लग्नाच्या खरेदीतून. यावर मी भरभरून नाही बोलायचं तर कशावर बोलायचं?

२०१८ मध्ये आवाजाचं तसंच झालं, यॅनी की लॉरेल, एकच रेकॉर्डिंग पण काहींना हा शब्द ऐकू यायचा आणि काहींना तो. शब्द लॉरेलच होता, एका ऑनलाइन डिक्शनरीसाठी एका ऑपेरा गायकाने रेकॉर्ड केलेला. त्यातले वरच्या पट्टीतले सूर ज्यांच्या कानाला जास्त लागले त्यांना यॅनी ऐकू आलं.

आणि ते गारफिल्डचे फोन! हे मी कितीही वेळा सांगू शकते. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, अटलांटिकच्या किनाऱ्यावर, १९८० च्या दशकापासून नारिंगी प्लास्टिकचे तुकडे वाहून यायचे, कधी पंजा, कधी रिसीव्हर, कधी अख्खं तोंड. कॉमिकमधल्या त्या आळशी मांजराच्या आकाराचा टेलिफोन होता तो, रिसीव्हर उचलला की मांजर डोळे उघडायचं. नेटवर त्या तुकड्यांचे फोटो फिरतात, लोक हसतात, पुढे जातात. पण किनारा साफ करणारी तिथली माणसं ३० वर्षांहून जास्त काळ तेच तुकडे वेचत होती. सगळ्यांना वाटायचं की जहाजावरून एखादा कंटेनर पडून समुद्राच्या तळाशी गेला असणार. २०१९ मध्ये बातम्यांतून विषय गाजला आणि तिथल्या एका शेतकऱ्याने सांगितलं की फार वर्षांपूर्वी एका वादळानंतर असे फोन दिसायला लागले तेव्हा आपण शोधत शोधत एका कपारीत गेलो होतो आणि आत कंटेनर अडकलेला बघितला होता. ती गुहा अशी की पूर्ण ओहोटी असेल तेव्हाच आत जाता येतं. लोक गेले, आणि खरंच कंटेनरचे अवशेष आणि फोनचे तुकडे तिथे होते. बहुतेक माल तोपर्यंत समुद्राने नेलेला. मला यातलं सगळ्यात काय लागतं सांगू, उत्तर एका माणसाला इतकी वर्षं माहीत होतं आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

जुनी उत्तरं अशी माणसांपाशी पडून असतात याचा दुसरा पुरावा म्हणजे ते गाणं, ज्याला इंटरनेटवरचं सगळ्यात गूढ गाणं म्हणायचे. १९८० च्या दशकात जर्मनीत एका मुलाने रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतलं, कुणाचं ते लिहून घेतलं नाही, २००७ मध्ये गाण्याचा तुकडा नेटवर आला आणि पुढे कितीतरी अनोळखी माणसं त्याच्यामागे लागली. कॅसेटवरच्या शेजारच्या गाण्यांवरून तारीख काढ, रेडिओवाल्यांना पत्रं लिही, शब्द एकेक करून लावून बघ. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उलगडलं, कील शहरातला फेक्स नावाचा बँड. एक जण जुन्या वर्तमानपत्रांतून त्या काळातल्या बँड्सची नावं काढत काढत त्यांच्यापर्यंत पोचला. आणि बँडवाल्यांना कल्पनाच नव्हती की आपल्याला कुणी शोधतंय! एवढ्या लोकांनी एवढी वर्षं एका गाण्याला लावली, त्यात मिळकत शून्य, बक्षीस नाही, नावही होणार नाही. याला फालतू म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

तर वेळ जातो तो असा. आणि थोडा वेळ गोष्ट खरी आहे का ते बघण्यात जातो, फोटो उलटा सर्च करायचा, म्हणजे फोटोच टाकून तो आधी कुठे कुठे आलाय ते बघायचं, सगळ्यात जुना अपलोड कोणता ते शोधायचं. पुराच्या पाण्यात हायवेवर पोहणारा शार्क तुम्ही बघितलाच असेल, २०११ पासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळानंतर तो नव्या शहराच्या नावाने येतो. त्यातला शार्क दक्षिण आफ्रिकेत काढलेल्या एका जुन्या प्रसिद्ध फोटोतून कापून चिकटवलेला आहे, मूळ फोटोत तो कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीच्या, मागे पोहतोय. आणि मग २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडामधल्या एका घराच्या मागे पाण्यात शार्कसारखा मोठा मासा दिसल्याचा व्हिडिओ आला, बघणारे सगळे म्हणाले झालं, आला परत तो, आणि पत्रकारांनी पडताळणी केली तर व्हिडिओ खरा निघाला. हसून सोडून दिलं असतं तर हे कळलंच नसतं.

म्हणूनच एआयने बनवलेले अचाट प्राणी आणि ढगातली घरं मला कितीही पाठवलीत तरी माझ्याकडून काही येत नाही. दिसायला ती ड्रेसपेक्षा शंभरपट भन्नाट असतात, पण मागे जायला वाटच नसते, ना कुणाची आई खरेदीला गेलेली असते, ना कुणी कपारीत शिरलेलं असतं.

अजून एक गोष्ट मी हाताळत नाही. कुणी रडतंय, पडलंय, चिडलंय, आणि त्याला माहीतही नाही की आपलं शूटिंग होतंय, असे व्हिडिओ. त्याच्याही मागे माणूस असतोच, पण त्याच्यापर्यंत पोचायचा हक्क मला कुणी दिला? सेलिब्रिटींची लफडी तर मी उघडतही नाही. पॉप कल्चरमधलं मला आवडतं ते असं की २०१४ मध्ये गंगनम स्टाइल या कोरियन गाण्याच्या व्ह्यूजनी २,१४७,४८३,६४७ चा आकडा ओलांडला, यूट्यूबच्या तेव्हाच्या मोजणीत, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या (बिटच्या) जागेत, बसणारा सगळ्यात मोठा आकडा, आणि यूट्यूबला काउंटर ६४ बिटचा करावा लागला. एका नाचाच्या गाण्याने कॉम्प्युटर आकडे कसे साठवतो ते लाखो लोकांना शिकवलं, आणि कुणालाही वाटलं नाही की आपण अभ्यास करतोय.

तेव्हा पाठवत राहा, मला कंटाळा येणार नाही. फक्त लिंकसोबत ते तुम्ही पहिल्यांदा कुठे आणि कधी बघितलंत तेवढं लिहीत चला, शोधायला तिथूनच सुरुवात करता येते. आणि तुमच्या घरात एखादी बिननावाची जुनी कॅसेट असेल तर आधी ती डिजिटल करून घ्या, ड्रेसचं नंतर बोलू.