तळापासून एक फूट वर

रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, रंग कानामागून पुरता निघायला इंदूरमध्ये आठवडा जातो. त्यामुळे पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या फाटकाशी उभी असलेली मंडळी अजून जरा जांभळटच दिसत होती. दाजींच्या मिशीत हिरवा होता तो वेगळा.

मंडळी म्हणजे तीन. दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त, चारा मळण्यात स्वतःला उस्ताद समजणारे. डॉक्टर, माझी शाळेपासूनची मैत्रीण, बायकांची डॉक्टर. ही गळाला हात लावत नाही. खुर्ची, थर्मास आणि पुस्तक घेऊन येते आणि सगळ्यांच्या चुका काढते. तिसरा कॅनडा. हा माणूस आहे, देश नव्हे. होळकर कॉलेजला बी.एस्सी.च्या वर्गात आमच्याबरोबर होता, मग ब्रिटिश कोलंबियात गेला तो तिकडचाच झाला. दोन-तीन वर्षांनी आईला भेटायला येतो. या खेपेला येताना एक लांबलचक नळकांडं घेऊन आला, त्यात चार तुकड्यांची फ्लाय फिशिंगची, म्हणजे पिसांची खोटी माशी फेकून मासा पकडायची काठी. तिकडे हा कॅमलूप्सच्या आसपासच्या तळ्यांवर ट्राउट पकडतो. म्हणाला, "यावेळी तुम्हाला खरं फिशिंग दाखवतो."

दाजी म्हणाले, "दाखवा की. इथे ट्राउट कुठला शोधणार तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. आपल्या देशात ट्राउट आहे, पण काश्मिरात, हिमाचलात, निलगिरीत, म्हणजे इंग्रजांनी जिथे गारवा पाहिला तिथे आणून सोडलेला. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो पकडायला बंदी असते आणि मार्चपासून मोसम उघडतो. आमच्याकडे मार्चमध्ये गहू कापणीला येतो आणि तळी आटायला लागतात.

तळ्याचं नाव मी लिहिणार नाही. गळ टाकणारा माणूस वय सांगेल, पेन्शन सांगेल, जागा सांगणार नाही. एवढंच सांगते की सिमरोलच्या पुढे आहे, छोटं सिंचनाचं तळं आहे, मच्छिमारांच्या सोसायटीकडे ठेक्यावर आहे आणि आम्ही सोसायटीला विचारून, पैसे भरून बसतो. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, तेव्हा आम्हीही फिरकत नाही.

सिमरोल मागे पडलं की माळव्याचं पठार संपत येतं. मी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं, पण हा भूगोल मला फार आवडतो. माझ्या गच्चीवर पडलेला पाऊस खान नदीतून क्षिप्रेत, मग चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात पोचतो. आणि कडेच्या पलीकडे पडलेला चोरल नदीतून नर्मदेत, म्हणजे अरबी समुद्रात. त्यातून चंबळ आणि चोरल दोन्ही महूजवळच्या जानापावच्या डोंगराच्या लेकी. कॅनडाला हे सांगायला गेले तर तो पळस बघत बसला होता. ठीक आहे, पळसही बघण्यासारखाच होता, पान एक नाही आणि झाड भडकलेलं.

तळ्यावर पोचलो तेव्हा चौकीदार म्हणाला, "पानी बहुत उतर गया, दीदी." पावसाळ्यानंतर जिथे आम्ही बसायचो तिथे भेगाळलेली माती होती, आणि तिच्यावरून शेतकऱ्यांच्या मोटारींचे काळे पाइप पाण्यापर्यंत गेले होते. पाणी उतरलं की मागच्या वेळचं मोजमाप कामाचं राहत नाही. सगळं नव्याने मोजावं लागतं.

हे मोजणं मी बाबांकडून शिकले. ते सिंचन खात्यात ओव्हरसियर होते, बदल्या सगळ्या तलावांवरच्या, आणि आम्ही पडलो सीकेपी, समुद्रापासून इतक्या लांब. गोड्या पाण्यातल्या माशावर भागवायचं म्हणजे तो पकडता यायलाच हवा. नर्मदेतला महाशीर त्यांनी भरपूर पाहिला होता. आता तो राज्याचा मासा झालाय आणि सापडेनासाही झालाय, कारण त्याला वाहतं पाणी लागतं आणि नर्मदेवर तर धरणामागे धरण. बाबांची रीत साधी होती. मोरपिसाची दांडी हा तरंगा. सायकलच्या दुकानातून आणलेल्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन बारीक तुकडे कापायचे, त्यातून दोरी आणि दांडी दोन्ही ओवायची, म्हणजे तरंगा वरखाली सरकवता येतो. मग गळाला शिशाची जड गोळी लावायची आणि पाण्यात सोडायचं. तरंगा बुडाला तर पाणी आणखी खोल आहे, वर सरकवा. आडवा पडला तर दोरी जास्त झाली, खाली घ्या. उभा राहून फक्त टोक दिसलं की तळ सापडला. गोळी काढायची, आणि मग कोणता मासा हवा त्याप्रमाणे तरंगा ठेवायचा.

कारण मासे काही पाण्यात वाटेल तिथे चरत नाहीत. कतल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळाशी. माशाचं तोंड नीट बघितलं तरी गळ किती खोल सोडायचा ते कळतं. लोक चाऱ्यावर तासन् तास बोलतात. दाजींनी त्या दिवशी भाजलेली कणीक, शेंगदाण्याची पेंड, मेथीपूड, गूळ आणि (मी डोळ्यांनी पाहिलं) पोह्यावर भुरभुरायचा उरलेला जिरावन मसाला एकत्र मळला. माझं मत विचाराल तर चारा दुय्यम. तो माशाच्या तोंडासमोर आहे की हातभर वर, हे पहिलं.

कॅनडाने काठी जोडली. पिवळी जाड दोरी, तिच्या टोकाला बारीक पारदर्शक दोरा, त्याच्या टोकाला केसाएवढ्या पिसांची माशी. गुडघाभर चिखलात उभा राहून तो हवेत जिलब्या पाडायला लागला. दिसायला सुंदर, हे मान्य करायलाच हवं. दोरी मागे जाऊन पूर्ण उलगडायची आणि मगच पुढे यायची. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या, दोन पोरं येऊन बसली. दहापर्यंत त्याला दोन चिलवे मिळाले, बोटाएवढे. दाजींना एक रोहू मिळाला होता, पाऊण किलोचा, आणि त्याचं श्रेय जिरावनला गेलं होतं.

डॉक्टरने पुस्तकातून मान वर केली. "काय रे, तिकडे ट्राउटला पण दिवसभर असाच झोडपत असतोस?"

कॅनडा जरा घुटमळला. मग म्हणाला, "नदीवर हो. तळ्यावर, या दिवसांत... नाही."

"मग?"

"बोटीत बसतो. इंडिकेटरखाली माशी लटकवतो आणि इंडिकेटरकडे बघत राहतो."

"इंडिकेटर म्हणजे?"

"अं... छोटा रंगीत फुगा असतो. मासा लागला की बुडतो."

दाजी इतके हसले की त्यांच्या हातातला चारा पाण्यात पडला. "अहो, मग तो तरंगाच की!"

मग मात्र तो नीट सांगायला बसला, आणि ते ऐकण्यासारखं होतं. तिकडे तळी हिवाळाभर गोठलेली असतात. कॅमलूप्सकडे एप्रिलच्या सुमारास बर्फ सुटतो. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला. हे मी नववीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवायचे, हा ते बोटीतून बघतो. बर्फ वितळल्यावर वरचं पाणी तापत तापत ४ अंशांवर येतं, जड होऊन खाली बसतं, वारा त्याला ढवळतो, आणि अख्खं तळं उलटपालट होतं. तळाचा गाळ वर, वरचा ऑक्सिजन खाली. ते दिवस मासेमारीला वाईट. पाणी निवळलं की तळाच्या चिखलातून कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या पण न चावणाऱ्या किड्यांचे कोश वर यायला लागतात, आणि ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. माशी म्हणजे त्या कोशाची नक्कल. ती तळापासून साधारण एक फूट वर लटकवायची आणि हलवायची नाही.

"आणि तळ कसा मोजतोस?" मी विचारलं.

त्याने खिशातून एक चिमटा काढला. "हा माशीला लावून खाली सोडतो. तळाला टेकला की इंडिकेटर सरकवतो."

डॉक्टरने तो हातातून घेतला, उघडझाप केली, कडीचे दाते बघितले. "हा तर आर्टरी फॉरसेप्स. माझ्याकडे ट्रेभर आहेत."

मी काही बोलले नाही. माझी शिशाची गोळी त्याच्या समोर धरली. तो बघत राहिला, मग म्हणाला, "साली, एवढ्याशा गोष्टीसाठी मी इंदुरातून कॅमलूप्सला गेलो."

ट्राउट आपल्या तळ्यात का जगणार नाही हेही तिथेच निघालं. माझ्याकडे थर्मामीटर असतो, जुनी सवय. बुचाला वेगळी दोरी बांधलेली, खाली वजन लावलेली बाटली तळापर्यंत सोडायची, झटका देऊन बूच काढायचं, भरली की वर ओढायची. वरचं पाणी २६ अंश, तळाचं २३. मार्चमध्ये. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मेमध्ये इथे ट्राउट सोडला तर तो गुदमरूनच मरेल. आपले रोहू-कतले त्यात मजेत राहतात. त्यांची अडचण निराळी. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते घालत नाहीत. म्हणून सोसायटीला दर पावसाळ्यात बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, आणून सोडावं लागतं. पूर्वी ते नदीतूनच पकडून आणत. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरींनी माशांना पिट्युटरी या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, तेव्हापासून बीज तळ्याकाठी तयार व्हायला लागलं. आपला मत्स्यपालक दिन त्याच तारखेचा. हे ऐकून डॉक्टरने पहिल्यांदा पुस्तक मिटलं. "म्हणजे माझंच काम," ती म्हणाली, आणि डोस किती देतात ते विचारायला लागली. कॅनडा म्हणाला, त्यांच्याकडच्याही पुष्कळ तळ्यांत ट्राउटला अंडी घालायला ओढे नाहीत, सरकार पिल्लं सोडतं, लांबच्या तळ्यांत तर विमानातून.

अकराच्या पुढे वारा सुटला. आमच्या काठाला लाटा आपटायला लागल्या आणि पाणी गढूळ झालं. दाजी आवराआवर करू म्हणाले. मी म्हटलं, थांबा. काठ ढवळला की चिखलातले किडे सुटतात, आणि आपल्या चिखलातही कायरोनोमिडच्या लालभडक अळ्या असतात. लाल असतात कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन कमी असला तरी भागतं. कॅनडाने डबी उघडली. लाल दोऱ्याची, चकाकती तार गुंडाळलेली एक माशी निघाली, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी.

त्याचा इंडिकेटर वाऱ्यात टिकेना, म्हणून मी माझी मोरपिसाची दांडी दिली. व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे त्याने चष्मा कपाळावर चढवून ओवले. फॉरसेप्स लावून खोली मोजली, तळापासून एक फूट वर ठेवली. मग आम्ही बसलो.

दांडी बुडाली नाही. आधी दोनदा थरथरली, मग तिरकी होऊन हळूच चालायला लागली. "आता!" मी म्हटलं, तोवर त्याने उचललीच होती. काठी मुठीपर्यंत वाकली, रील किंचाळायला लागलं आणि पिवळी दोरी तळ्याच्या मध्याकडे निघाली. पोरं ओरडायला लागली, "भिया, छोड़ना मत!" दाजी पायजमा वर करून पाण्यात उतरले. तो नाजूक दोरा तुटेल म्हणून कॅनडा ओढत नव्हता, मासा दमायची वाट बघत होता, आणि स्वतःच घामाघूम झाला होता.

निघाला कॉमन कार्प. पितळेच्या रंगाचा, जाड ओठांचा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना मिशांची जोडी. माशी खालच्या ओठाच्या कोपऱ्यात रुतली होती, ती त्याच फॉरसेप्सने निघाली. दाजींच्या स्प्रिंगच्या काट्यावर सव्वादोन किलो भरला. हा मासाही बाहेरून आणलेलाच, पण रोहूसारखे त्याचे नखरे नाहीत, साचलेल्या पाण्यात गवताला अंडी चिकटवून मोकळा होतो.

"तिकडे याला कुणी हात लावत नाही," कॅनडा म्हणाला. "कचरा मासा म्हणतात."

"तिकडे तळता येत नसेल," दाजी म्हणाले.

रोहू चौकीदाराकडे गेला. कार्प माझ्या घरी आला. त्याला बारीक काटे फार, म्हणून तुकडे पाडायच्या आधी दोन्ही अंगांना धारदार सुरीने जवळजवळ चिरा द्याव्या लागतात, मग तळताना काटे कुरकुरीत होतात. हळद, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, तासभर मुरवून वरून रवा. चिखलाचा वास येऊ नये म्हणून आधी मिठाच्या पाण्यात ठेवला होता. कॅनडाने चार तुकडे खाल्ले आणि आईसाठी दोन बांधून घेतले.

सोमवारी त्याचा फोन आला. राजवाड्याजवळच्या एका सायकलच्या दुकानात उभा होता. दोन मीटर व्हॉल्व्ह ट्यूब मागितली तर दुकानदार विचारत होता, भिया, सायकली किती आहेत तुमच्याकडे.