गाडी मंजूर झाली, डिझेलचं काय? रुग्णवाहिकेच्या निधीचा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी गाडी मागायची, पण कुणाकडे? १०८ ची गाडी गावाला मागून मिळत नाही. २०१४ पासून ही सेवा राज्य सरकार ठेकेदारामार्फत चालवतं. सुरुवातीला अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर रुग्णांसाठीच्या, २३३. १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. सर्पदंश किंवा अपघात झाला की १०८ ची वाट पाहायची. मग उरली जिल्हा वार्षिक योजना, नाहीतर आमदार-खासदार निधी.

क्रम असा होता: ग्रामसभेचा ठराव, वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मागणीपत्र, तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची शिफारस, जिल्हा नियोजन कार्यालय, प्रशासकीय मान्यता, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर खरेदी, आरटीओ पासिंग. ठरावात नुसतं 'रुग्णवाहिका मिळावी' लिहिलं होतं, म्हणून फाइल परत आली. एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांच्या मानकाप्रमाणे टाइप सी, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट (प्राथमिक जीवरक्षक सोयी असलेली), असं स्पष्ट लिहावं लागतं. साधी व्हॅन घेऊन गॅरेजात स्ट्रेचर बसवायचा स्वस्त सल्ला पुष्कळ जण देतात. ती रुग्णवाहिका म्हणून पासिंगला अडकते. प्रस्ताव दिवाळीआधी गेला पाहिजे. फेब्रुवारीत गेलेल्या फाइलीला ३१ मार्च खातो.

पण खरी गोम पुढेच आहे. खासदार निधीतून गाडी येते, चालवण्याचा खर्च येत नाही. ग्रामसभेत एका आजींनी विचारलं, "गाडी उनी, पन डायव्हर कोठे शे?" (गाडी आली, पण ड्रायव्हर कुठे आहे?) त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागलं. आठवड्याचे १६८ तास, एका चालकाचे ४८. म्हणजे साडेतीन, आणि रजा धरली की चार चालक. महिन्याला ४० फेऱ्या, प्रत्येकी ९० किलोमीटर, घाटात लिटरला १० चं ॲव्हरेज: ३६० लिटर डिझेल. विमा आणि टायर वेगळे. चालकांचं मानधन, डिझेल कुणाच्या खर्चाच्या शीर्षातून, याचं लेखी पत्र आम्ही गाडीच्या आधी मागितलं. केंद्राचा किरकोळ निधी सांभाळणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर सगळं टाकलं तर दोन-तीन महिन्यांत गाडी उभी राहते, कारण त्याच पैशातून केंद्राची औषधं आणि किरकोळ दुरुस्त्याही भागवायच्या असतात.

अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा, म्हणजे त्या क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा, ५ टक्के अबंध (गावानेच खर्च ठरवायचा) निधी असतो आणि आरोग्य हे त्यातलं एक शीर्ष आहे. चोपडा, शिरपूर पट्ट्यातल्या पेसा गावांनी स्पाइन बोर्ड (पाठीला मार लागलेल्याला न हलवता नेण्याची फळी), सक्शन मशीन (घशातला स्राव ओढणारं यंत्र) अशा वस्तूंसाठी त्याचा विचार करावा. धडगाव, अक्कलकुव्याकडे पाड्यापासून रस्त्यापर्यंत रुग्णाला न्यायला अजून झोळीच आहे, तिथे घडीचा स्ट्रेचर आधी घ्या.

ऑक्सिजनचा हिशोबही ठरावातच घाला. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर मावतो. मिनिटाला १० लिटरने अडीच तास, त्यातही शेवटचा दाब वापरता येत नाही. म्हणून गाडीत दोन, आणि ते भरायला गेले असताना केंद्रात भरलेले दोन.