चादरीवरचा टॉवर

रविवारी दुपारी जेवून आडवा होतो न होतो तोच सेक्रेटरी दारात. "पांढरी चादर आहे का हो, जरा मोठी? बिल्डरचा माणूस प्रोजेक्टर घेऊन आलाय, पडदा विसरलाय." अशा वेळी हाताला लागेल ती चादर आपण काढून देतो. मीही दिली.

पार्किंगमध्ये पाण्याच्या पाइपला ती बांधली गेली आणि बघता बघता तिच्यावर बावीस मजली टॉवर उगवला. खाली हिरवळ, हिरवळीवर गोरी गोरी माणसं, एकीच्या हातात कुत्र्याचा पट्टा. आमच्या डोंबिवलीत ही मंडळी कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही. सांगणारा मुलगा पंचविशीचा, त्या उकाड्यात टाय लावून आलेला. पडद्यावर लिहिलेलं तो मोठ्याने वाचत होता, आणि आम्ही ते त्याच्याआधी वाचून त्याची वाट बघत बसलो होतो.

तळमजल्यावरच्या काकांनी तिसऱ्याच स्लाइडला विचारलं, "कार्पेट किती?" म्हणजे फ्लॅटच्या भिंतींच्या आत वापरायला जागा किती.

"सर, ते पुढे आहे."

पाचवीला पुन्हा, "कार्पेट?"

"येतंय सर."

मग त्याने लेझरचा लाल ठिपका क्लबहाउसवर ठेवला. म्हणजे ठेवायला गेला. ठिपका क्लबहाउसवरून स्विमिंग पुलात, तिथून कुत्र्याच्या पाठीवर, असा थुईथुई नाचत राहिला. पोराचा हात थरथरत होता. नुसता बोलला असता तर हात खिशात लपला असता. लेझरने ती थरथर वीतभर करून सगळ्या सोसायटीला दाखवली.

मला एकदम माझा खराटा आठवला.

सातवीत होतो. वक्तृत्व स्पर्धेला विषय गाडगेबाबा. भाषण बाईंनी लिहून दिलं होतं, आणि हातात खराटा घेऊन उभं राहायची अक्कल माझी. शाळेच्या शिपाईमामांकडून मागून आणला होता. माझ्यापेक्षा दोन बोटं उंचच असेल. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी धडधडत आली आणि थांबली. पुढचं काही केल्या आठवेना. समोर चारशे डोळे, आणि सगळे खराट्याकडे लागलेले. विंगेतून बाई ओठ हलवत होत्या, पण खराट्याच्या काड्या खुळखुळायला लागल्या होत्या आणि मला तेवढंच ऐकू येत होतं. शेवटी मी काय करावं? स्टेज झाडायला लागलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, कोपरे काढून. आधीच्या कार्यक्रमातल्या हाराच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्याही गोळा केल्या. हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते वक्तृत्वाचं की स्वच्छतेचं, हे बाईंनी कधी सांगितलं नाही.

पुढे कळलं, की बाबांचा खराटा असा दाखवायला नव्हताच. गावात शिरले की ते आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तोवर सकाळपासून त्यांना झाडताना सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. आणि कीर्तन म्हणजे काय, तर प्रश्नावर प्रश्न. लोकांना विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे. "ते पुढे आहे" हे त्यांनी कुणाला ऐकवलं असेल असं वाटत नाही.

चित्रं दाखवत बोलायला माझी हरकत आहे असं नाही हं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, तिथे चित्रकथीच्या पोथ्या बघितल्या. (गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माझ्या ऑफिसात महिन्याला चार प्रेझेंटेशनं करणाऱ्यांना अजून नाही.) पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत, दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक चित्र समोर उभं करायचं, वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने तेवढ्यापुरतं रामायण सांगायचं, मग ते बाजूला, पुढचं पुढे. मी बघितलेल्या चित्रांवर वाचण्यासारखं काही नव्हतं. सीता नुसती उभी. तिचं काय चाललंय हे कळायचं तर सांगणाऱ्याकडे कान द्यावेच लागतात. तो रंगात येऊन थांबला, की चित्रही थांबतं.

आमचा टायवाला थांबायला तयार नव्हता. कार्पेटची स्लाइड आली तेव्हा काका मान टाकून घोरत होते, आणि मी टॉवरच्या वरच्या आभाळाकडे बघत होतो, कारण तिथे एक पिवळट ढग होता, स्लाइड बदलली तरी न हलणारा. बाकीच्यांना तो मावळतीचा वाटला असावा.

"थँक यू" आलं, दिवे लागले. पहिल्या रांगेतून आई उठली, ती तरातरा माझ्याकडेच.

"घरात दुसरी चादर नव्हती? हळदीचा केवढा डाग आहे तिला! सगळ्या बिल्डिंगने बघितला."

दीड तासात तिने एवढंच बघितलं होतं. मुलगा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. हात आता अगदी स्थिर. त्याला पाणी विचारलं, तर "नको सर, अजून दोन सोसायट्या आहेत" म्हणाला.

चादर भिजत घातलीय. कार्पेट किती, ते उद्या सेक्रेटरींना विचारायला हवं.