राणीचा झगा आणि शिवणाच्या बाई

शाळेच्या अमृतमहोत्सवाचे निमंत्रण आले आणि सोबत स्मरणिकेसाठी मनोगत पाठवण्याची आज्ञाही आली, तेव्हा मुख्याध्यापकांपासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सर्वांविषयी लिहावे असे मनात होते. परंतु कागद पुढे घेतल्यावर शिवणाच्या बाईंखेरीज दुसरे कोणी डोळ्यांसमोर येईना. म्हणून इतर गुरुजनांची क्षमा मागून मी फक्त त्यांच्याविषयी, आणि १९८६ च्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी आमच्याकडून हाताने शिवून घेतलेल्या एका झग्याविषयी लिहिते. बाईंचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही; त्या काळात शाळेत असलेल्या प्रत्येकाला 'शिवणाच्या बाई' एवढे पुरेसे आहे.

त्या वर्षी इतिहासाच्या सरांनी ईस्ट इंडिया कंपनीवर एकांकिका लिहिली होती. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली, तो प्रसंग पहिल्याच प्रवेशात होता. राणीला वाक्ये फार नव्हती, पण सारा प्रवेश तिच्या रुबाबावर उभा होता. ड्रेपरीवाल्याकडे मावळे, पेशवे आणि झाशीची राणी या सर्वांचे पोशाख होते, सोळाव्या शतकातल्या इंग्रज राणीचा मात्र नव्हता, आणि हे त्याने कळवले ते संमेलन अगदी तोंडावर आल्यावर. सरांनी प्रवेश गाळण्याची तयारी केली. बाईंनी ग्रंथालयातून राणीचे रंगीत चित्र असलेला जाडजूड ग्रंथ मागवला, ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि "प्रवेश राहू द्या, झगा होईल" एवढेच म्हणाल्या.

मशीन असताना हाताने का शिवायचे, असे आम्ही नववीच्या मुलींनी विचारले. बाईंचे उत्तर अगदी व्यवहारी होते: मशीनवर एका वेळी एकच जण बसते, झग्याभोवती आठ जणी बसू शकतात. त्यातही त्या चित्रातला पोशाख मुळातच सुट्या भागांचा होता. त्या काळी बाह्या अंगरख्याला कायमच्या शिवलेल्या नसत, त्या खांद्याशी फितींनी बांधत. छातीवरचा त्रिकोणी कडक तुकडाही वेगळा असे आणि तो टाचण्यांनी अडकवत. बाईंनी हे चित्रावरून ओळखले की कुठे वाचले होते हे मला ठाऊक नाही, पण त्यांनी कामाची वाटणी नेमकी त्याच सांध्यांवर केली. दोघींकडे बाह्या, एकीकडे छातीचा तुकडा, दोघींकडे गळ्याभोवतीची चुणीदार झालर आणि उरलेल्यांकडे घेर. कोणाचेही काम दुसरीच्या कामासाठी अडून राहिले नाही. आज माझ्या कार्यशाळेत घाईचे काम आले की मी प्रथम हेच पाहते की पोशाख कुठे सुटा करता येईल.

बहुतेक साहित्य गावातच जमले. अस्तराला मांजरपाट, वरून गडद लाल सॅटिन, ज्यावर कापडाच्या दुकानदारांनी नफा घेतला नाही. विरलेल्या साड्यांचे जरीकाठ आयांनी दिले, ते उसवून घेरावर उभे लावले. खोटे मोती पुण्याच्या बोहरी आळीतून आले. घेर कमरेपासून फुगलेला राहावा म्हणून आत कडी लागते. इंग्लंडात त्यासाठी वेत किंवा देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या वापरत, आम्ही बुरूड आळीतून तासलेल्या कामट्या आणल्या आणि मांजरपाटाच्या परकराला आडवे नेफे घालून त्यांत त्या सरकवल्या. झालरीसाठी ऑर्गंडी घेतली. तिला भाताच्या पेजेची घट्ट खळ दिली, आणि ती अर्धवट ओली असताना बाईंनी प्रयोगशाळेतून आणलेल्या स्पिरिटच्या दिव्यावर विणकामाची जाड सुई तापवून एकेक वळी तिच्याभोवती गोल बसवली. चारशे वर्षांपूर्वीही झालरी अशाच तापवलेल्या लोखंडी सळईने बसवत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

मला सविस्तर सांगायचे आहे ते कमरेच्या चुण्यांविषयी, कारण त्या झग्याचा प्राण तिथे होता. चार मीटर घेर २६ इंचांच्या पट्टीत बसवायचा होता. साध्या चुण्या घातल्या असत्या तर कमरेशी बोंगा झाला असता. बाईंनी वरची कड दुमडून घेतली, पुठ्ठ्याच्या पट्टीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर खुणा केल्या आणि अंघोळीच्या साबणाच्या झिजलेल्या चिपेने त्या कापडावर उतरवायला लावल्या. पहिल्या ओळीच्या खाली दुसरी आणि दुसरीच्या खाली तिसरी, आणि प्रत्येक ठिपका वरच्या ठिपक्याच्या बरोबर खाली. त्या ठिपक्यांवरून दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्याने धावदोरा घालायचा, एक टाका आत, एक बाहेर. तिन्ही दोरे एकदम ओढले की कापड बाजाच्या भात्यासारखे मिटते आणि दर इंचाला एक अशा दीडशेहून अधिक उभ्या, सारख्या घड्या तयार होतात. मग प्रत्येक घडीचे टोक तेवढे दोन टाक्यांनी पट्टीला पक्के करायचे. अशा घडीखालचे कापड लोंबत नाही, ते आधी बाहेर फेकले जाते आणि नंतर खाली कोसळते, त्यामुळे घेर भरदार दिसतो. हे काम मशीनने होत नाही, कारण पट्टीला घडीचे फक्त टोक जोडायचे असते, सबंध घडी चेपून चालत नाही.

रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गात आम्ही दोरे ओढले. वीज गेली होती, मामांनी पेट्रोमॅक्स आणून टांगला होता. डाव्या बाजूच्या हातभर पट्ट्यात दुसरी ओळ पहिलीच्या खाली बरोबर आली नव्हती, एवढेच. घड्या किंचित तिरप्या झाल्या होत्या. आमच्यातली एक मुलगी धीर करून म्हणाली, "बाई, रंगमंचावर कोणाला दिसणार आहे?" वेळही तशीच होती, काहींचे वडील बॅटरी घेऊन फाटकाशी येऊन उभे होते. बाईंना राग आला नाही. त्यांनी घेर तसाच उचलून कामट्यांच्या परकरावर ठेवला, टाचण्या लावल्या आणि आम्हा सर्वांना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी नेऊन उभे केले. तिथून टाका एकही दिसत नव्हता. मात्र झग्याची डावी बाजू गुडघ्यापासून मागे ओढल्यासारखी वाकडी पडली होती आणि उजवी बाजू सरळ उतरत होती, हे कोणालाही दिसले असते. बाई काहीच बोलल्या नाहीत. आम्हीच खाली बसलो आणि उसवायला घेतले. त्यांनी फाटकाशी जाऊन पालकांना किती वेळ लागेल ते सांगितले आणि परत आल्यावर स्वतः सर्वांत कठीण, शिवणीजवळच्या घड्या घेतल्या. माझ्या बोटाला अंगुस्तान सैल होत होते, म्हणून त्यांनी आपले काढून मला दिले आणि स्वतः उघड्या बोटाने सॅटिन आणि मांजरपाट या दोन्हींतून सुई काढत राहिल्या.

संमेलनाच्या दिवशी पडदा उघडला, राणी वळली, आणि घेर तिच्यामागून क्षणभर उशिरा वळला. त्या वेळी सभागृहात जी कुजबुज उठली ती ऐकलेले अनेक जण ही स्मरणिका वाचतील. पुढच्या वर्षी बाईंनी तो झगा उसवला. सॅटिनचे पाचवीच्या मुलींना नृत्यासाठी परकर झाले, जरीकाठ कपाटात गेले, कामट्यांचे आकाशकंदील झाले. मला तेव्हा फार वाईट वाटले होते.

२०२० च्या जानेवारीत लेकीकडे लंडनला गेले असताना मी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात एक जुने वस्त्र पाहिले. हिअरफर्डशरमधील बॅक्टन या लहान गावाच्या चर्चमध्ये ते वेदीवरचे कापड म्हणून वापरात होते. ते मुळात एलिझाबेथ राणीच्या पोशाखाचे कापड असावे, असे अभ्यासकांच्या अलीकडे लक्षात आले. रुपेरी तारेच्या रेशमावर फुले, फुलपाखरे आणि किडे भरलेले, आणि मध्येच कापून जोडलेले तुकडे. राणीच्या असंख्य पोशाखांतून बहुधा एवढेच हाती लागले आहे, आणि तेही कोणीतरी उसवून दुसऱ्या कामी लावले म्हणून. मला त्या काचेसमोर आमचे परकर आठवले. परत आल्यावर मी बाईंना भेटून फोटो दाखवला. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे, फोटो डोळ्यांशी धरून त्या म्हणाल्या, "भरतकाम छान आहे गं. पण उलटी बाजू पाहिलीस का? आतून कसं शिवलंय?"

पुण्यात माझी पोशाखांची कार्यशाळा आहे; नाटकांचे आणि नृत्यनाट्यांचे काम येते, आणि माझ्याकडच्या बायकांना मी पुठ्ठ्याची तीच पट्टी देते. शाळेत मात्र शिवणाचा तास आता नावापुरता उरला आहे आणि संमेलनाचे सगळे पोशाख भाड्याने येतात, असे ऐकते. परीक्षांचा भार मला समजतो. तरीही आठ मुलींनी एका कापडाभोवती बसून वेळेत, नीट आणि एकमेकींवर विसंबून काम पुरे करणे, हे शिक्षण शाळेने सोडून द्यावे हे मला मुळीच पटत नाही, आणि हे मी स्पष्ट लिहिते.

अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमात ती एकांकिका पुन्हा बसवणार असल्याचे पत्रात लिहिले आहे. राणीचा पोशाख कृपया भाड्याने मागवू नये. कापड, अस्तर, मोती सर्व मी देईन. दिवाळीनंतर दर शनिवारी दुपारी मी पुण्याहून येईन. नववीतल्या ज्या मुलामुलींना सुई धरण्याची इच्छा आहे त्यांना चित्रकलेच्या वर्गात बसू द्यावे, आणि कामट्यांसाठी बुरूड आळीत आतापासूनच सांगून ठेवावे. बाईंशी माझे बोलणे झाले आहे. घेराच्या चुण्या ओढण्याच्या दिवशी त्या येणार आहेत.